सुरतेची दया आणि ऋतूंचं पंचांग

सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ आणि १६७० ही सालं आठवतात. त्याच शतकात तिथे उतरलेल्या युरोपियनांना मात्र नवल वाटायचं ते जनावरांच्या इस्पितळाचं. १६८९ साली इंग्लंडहून निघालेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन लिहितो, की शहरापासून मैलभरावर वाण्यांचं एक इस्पितळ आहे आणि तिथे लंगड्या-म्हाताऱ्या गाई, घोडे, शेळ्या, कुत्री सांभाळली जातात. घरातल्या माशांना वर्षातून एकदा दूधसाखरेची मेजवानी देणारा वाणीही त्याने नोंदवला आहे.

मला त्यातलं 'वर्षातून एकदा' महत्त्वाचं वाटतं. इथली दया पंचांगाला बांधलेली होती. आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जैन साधू-साध्वी गाव बदलत नाहीत. कारण अगदी साधं आहे. पाऊस पडला की वाटेवर कोंब फुटतात, किडेमुंग्या वर येतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली मरतात. म्हणून गोपीपुऱ्यातल्या उपाश्रयांत मुक्काम, व्याख्यानं, उपवास. भाद्रपदात पर्युषण संपताना संवत्सरीला शेजाऱ्यापाजाऱ्यांना, भाऊबंदांना 'मिच्छामि दुक्कडम' म्हणायचं, म्हणजे वर्षभराच्या दुखावण्याची क्षमा मागायची. किड्यापासून निघालेली वाट दोन महिन्यांत माणसापर्यंत येते. (आपला चातुर्मास बऱ्याच घरांत कांदा-लसूण-वांग्यातच अडकतो, ते असो.)

पण ती दरवेळी माणसापर्यंत पोचतेच असं नाही. ओव्हिंग्टन पुढे सांगतो, की ढेकूण-पिसवांसाठीही वेगळी सोय होती. त्यांचं पोट भरावं म्हणून अधूनमधून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवत, आणि चाव्यांनी हैराण होऊन तो पळू नये म्हणून खाटेला बांधत. जेम्स फोर्ब्सही तेच सांगतो. हा फोर्ब्स पुढे १७७५ मध्ये राघोबादादांच्या मोहिमेत इंग्रज फौजेबरोबर होता. १७७२ मधल्या सुरतेच्या इस्पितळात त्याने माकडं, कबुतरं आणि तिथे पंच्याहत्तर वर्षं राहिलेलं एक कासव नोंदवलं आहे. खाटेसाठी रस्त्यावरचे भिकारी आणत, असं तो म्हणतो. आता फोर्ब्सने ओव्हिंग्टन वाचलेला असू शकतो, तेव्हा या दोन स्वतंत्र साक्षी धरू नयेत. शिवाय दोघांच्याही सुरात थट्टा आहे. तरी ती खाट मला निव्वळ गप्प म्हणून सोडून देता येत नाही. पिसवांची भूक ज्यांना दिसली, त्यांना त्या माणसाची भूक दिसली ती फक्त भाड्याने घेण्यापुरती.

ऋतुबदलाचा दुसरा मुहूर्त म्हणजे उत्तरायण, आपली संक्रांत. उधना-लिंबायतच्या मराठी घरांत तिळगूळ वाटला जातो. गुजराती मंडळी गाईला चारा घालतात, पांजरपोळाला दान देतात. आणि हाच दिवस पतंगांचाही. सुरती मांजा गुजरातभर नावाजलेला. डबगरवाडात फिरक्यांचे ढीग लागतात, आणि काचेची पूड लावलेल्या त्या दोऱ्याने कबुतरांचे, बगळ्यांचे पंख कापले जातात. गुजरात सरकार २०१७ पासून जानेवारीत 'करुणा अभियान' चालवतं. जखमी पक्ष्यांवर उपचार होतात, आणि पक्षी थव्याने उडतात त्या सकाळ-संध्याकाळच्या वेळी पतंग उडवू नका, असं सांगितलं जातं. एका हाताने पांजरपोळाची पावती आणि दुसऱ्या हातात फिरकी, हे दृश्य तिथे कुणाला विचित्र वाटत नाही.

मांज्याचा लेप दोऱ्यावर हातानेच चढवतात. काचेने बोटं कापू नयेत म्हणून कारागीर ती चिंध्यांनी किंवा चिकटपट्टीने गुंडाळून घेतात, आणि तरीही ती कापतातच.