सुईणीची विद्या आणि शिकवणारीची खुर्ची

परिचर्येचा इतिहास लिहिणारे बहुधा फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या दिव्यापासून आरंभ करतात. त्या दिव्याआधीही इथे बाळे जन्मत होती आणि नाळ कापणारे हात होते. ते हात कुणाचे, हा प्रश्न मात्र टाळला जातो. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत हे काम मांगवाड्यातल्या बाईचे. रक्त आणि वार विटाळाची, म्हणून ते तिच्या वाट्याला आले. बाळ हाती येईपर्यंत तिचा स्पर्श चाले. नंतर ती पुन्हा उंबऱ्याबाहेर!

1903 साली व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड दाईंना शिकवण्यासाठी निघाला. धनुर्वाताने बाळे दगावत होती. स्वच्छतेचे शास्त्र तिला हवेच होते. पण तिच्याकडूनही काही शिकावे, असे कुणाच्या मनात आले नाही. वार पडेपर्यंत नाळ न कापण्याचा आणि उकिडवे बसवून बाळंत करण्याचा दाईंचा रिवाज अडाणीपणात जमा झाला. नाळ लगेच कापू नये, बाईला हव्या त्या आसनात बाळंत होऊ द्यावे, हे आता जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पुढे धंद्याचे शास्त्र झाले आणि शास्त्राला प्रमाणपत्र आले. परक्या देहाला हात लावायचा म्हणून सवर्ण घरांनी मुली दूर ठेवल्या. मिशनच्या रुग्णालयांत ख्रिस्ती मुली आल्या, त्यांतल्या कित्येकींच्या आज्या गावकुसाबाहेरच्याच. 1946 च्या भोर समितीला 43 हजार माणसांमागे एक परिचारिका आढळली. परिचारिका वाढवायच्या तर आधी त्यांना शिकवणाऱ्या हव्यात. 1943 मध्ये दिल्लीत वरिष्ठ परिचारिकांसाठी अध्यापन-प्रशासनाची शाळा निघाली होती. 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला पदवी सुरू झाली. मुंबईत एसएनडीटीचे परिचर्या महाविद्यालय 1964 चे.

आज राज्यातल्या परिचर्येच्या पदव्या 1998 साली नाशकात स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. ते आहे दिंडोरी-वणीच्या रस्त्याला. हाच रस्ता पुढे कळवणला जातो. कळवण हा कोकणा-भिल्लांचा तालुका. तिथल्या मुलीला हे अंतर मैलांनी मोजून भागत नाही. जनरल नर्सिंगची तीन वर्षे, पोस्ट बेसिक बी. एस्सी.ची दोन, एम. एस्सी.ची दोन, मधला नोकरीचा अनुभव वेगळा. घर मात्र तिसऱ्या वर्षाअखेर पगाराकडे डोळे लावून बसते. मग ती वॉर्डात रुजू होते आणि रात्रपाळ्या करते. पाड्यावरची बाई कळा कोणत्या शब्दांत सांगते, हे तिला ठाऊक असते. वर्गात ते सांगण्याचा अधिकार तिला नसतो. इंग्रजी पुस्तकातून शिकलेली, पाडा न पाहिलेली बाई तिथे ‘ग्रामीण मातेचे अज्ञान’ हा धडा घेते आणि समोरच्या बाकांवर त्याच मातांच्या मुली तो वहीत उतरवून घेतात.