दुहेरी वजावट

गुलामगिरी उठण्याच्या सुमारास, इ. स. १८३४ पासून, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारानें जाऊं लागले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकही होते. आरंभीं ठरलेला पगार दरमहा पांच रुपये व शिधा. परंतु पगार ठरणें निराळें आणि हातीं पडणें निराळें. एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांचें वेतन कापीत. हीच ती कुप्रसिद्ध ‘दुहेरी वजावट’. हजेरीची वही मालकापाशीं, आणि उरलेला पगारही पुष्कळदां महिनेच्या महिने तुंबलेला! करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्यानें छायाचित्राचा परवाना जवळ नसणें हाच अपराध झाला. १८७१ मध्यें अडॉल्फ द प्लेवित्झ या युरोपियन गृहस्थानें ९,४०१ मजुरांचा अर्ज राणीच्या नांवें पुढें केला, तेव्हां त्यालाच बेटाबाहेर घालवा, अशी मळेवाल्यांनीं ओरड केली. तथापि १८७२ मध्यें राजनियुक्त आयोग आला आणि १८७५ च्या त्याच्या अहवालानें मजुरांचें गाऱ्हाणें बव्हंशीं खरें ठरविलें.

मजुराचा कागद हरवला तर त्याला तुरुंग. मालकाचा हिशेब चुकला तर भुर्दंड पुन्हा मजुरालाच. वही एकाच पक्षाच्या हातीं असली म्हणजे तीच बेडीचें काम करिते.