छोटे आरोग्य-प्रश्न ऑनलाइन अनोळखी लोकांना विचारताना: काय विचारावे, काय विचारू नये

“बाळाला १०१ ताप आहे, कोणतं सिरप देऊ?” “थायरॉइडच्या गोळीनंतर चहा किती वेळाने घ्यायचा?” “कुत्र्याच्या पिल्लाचा नुसता ओरखडा आहे, इंजेक्शन लागेल का?” असे प्रश्न आज अनेक जण मोबाइलवर अनोळखी लोकांना विचारतात. रात्रीची वेळ असते, दवाखाना बंद असतो, एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांना फोन करायला संकोच वाटतो. कधी फीचाही विचार असतो. मोबाइल मात्र हातातच असतो आणि पाच-दहा मिनिटांत उत्तरे येऊ लागतात.

असे विचारण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पूर्वी हेच प्रश्न शेजारच्या काकूंना विचारले जात. फरक एवढाच की काकूंनी बाळाला पाहिलेले असे. मोबाइलवर उत्तर देणाऱ्याने त्याला पाहिलेले नसते, आणि उत्तर चुकले तर तो उद्या भेटणारही नसतो. म्हणून कोणता प्रश्न कुणाला विचारायचा, हे आधीच ठरलेले असावे.

थोडक्यात

• अनुभव आणि सोय विचारा. औषध, डोस आणि निदान विचारू नका.
• लहान बाळ, गरोदर स्त्री, वृद्ध माणूस, मधुमेह, किडनी, लिव्हर किंवा हृदयाचा आजार असेल तर ‘छोटा’ प्रश्नही डॉक्टरांनाच विचारा.
• छातीत दुखणे, धाप, बेशुद्धी, झटका, तोंड वाकडे होणे यांत उत्तराची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.
• प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट आणि बाळाचे फोटो अनोळखी लोकांना पाठवू नका.

काय विचारायला हरकत नाही?

काही गोष्टी डॉक्टरांपेक्षा त्यातून गेलेल्या कुटुंबाला जास्त ठाऊक असतात. उदाहरणार्थ:

• सरकारी रुग्णालयात केसपेपर किती वाजता काढावा लागतो?
• महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे सोबत न्यावीत?
• वॉकर, व्हीलचेअर किंवा पलंग भाड्याने कुठे मिळतो?
• अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची चादर एकट्याने कशी बदलावी?
• मूल औषध थुंकून टाकते, कोणती युक्ती चालते?

या प्रश्नांचे उत्तर चुकले तरी फार तर एक खेप वाया जाते, जिवाला धोका होत नाही. प्रश्न लिहिण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा, “उत्तर चुकीचे निघाले तर काय होईल?” ‘थोडा त्रास होईल’ असे उत्तर येत असेल तर खुशाल विचारा. ‘शरीरावर परिणाम होईल’ असे वाटले तर थांबा.

दहा जण एकच सांगतात, तरी ते का चुकू शकते?

पहिले कारण, साधा व्हायरल ताप, सर्दी, जुलाब हे बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप बरे होतात. त्या काळात जे शेवटचे घेतले, मग तो काढा असो की गोळी, त्याला श्रेय मिळते. “आमच्याकडे यानेच बरं वाटलं” हे सांगणारा खोटे बोलत नसतो. पण गुण त्याच औषधाचा होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसरे, ज्यांना गुण आला ते लिहितात. ज्यांना त्रास झाला ते बहुधा गप्प बसतात किंवा रुग्णालयात असतात.

तिसरे, लक्षण एक असले तरी कारणे अनेक असतात. पोटात वरच्या बाजूला दुखणे हे ॲसिडिटीचे असेल, पित्ताशयातील खड्यांचे असेल किंवा हृदयाचेही असेल. तपासल्याशिवाय ते वेगळे करता येत नाही.

‘छोटे’ वाटणारे पाच प्रश्न

१. “तापाचं सिरप किती देऊ?”

पॅरासिटामॉलचा डोस वयावर नव्हे, मुख्यतः वजनावर ठरतो. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या बाळाला १०० ते १५० मिलिग्रॅम. खरी अडचण बाटलीची आहे. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप मिळते, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलेही मिळते, आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्सही मिळतात. कुणी “पाच एमएल द्या” असे लिहिले आणि तुमच्या घरी ड्रॉप्स असले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातील. तेच पुन्हा पुन्हा झाले तर लिव्हरला इजा होऊ शकते. सांगणाऱ्याचे त्याच्या बाटलीपुरते बरोबर होते, पण तुमच्या हातातली बाटली वेगळी होती.

डेंगीची शक्यता असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. आणि तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल तर सिरप विचारत बसू नका, लगेच बाळाला दाखवा.

२. “जांघेत खाज येते, कोणतं क्रीम लावू?”

हा प्रश्न संकोचामुळे अनोळखी लोकांनाच जास्त विचारला जातो. सुचवलेल्या क्रीममध्ये बऱ्याचदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टिरॉइड असते. गजकर्णावर ते लावले की दोन दिवसांत खाज कमी होते, पण बुरशी आत पसरत राहते. क्रीम थांबवले की गजकर्ण दुप्पट जागेत परत येते आणि बरे व्हायला महिने लागतात. कातडी पातळ होते ते वेगळेच. डॉक्टरांना रोज असे रुग्ण दिसतात. त्यांच्यासमोर संकोच करू नका.

३. “ओरखडाच आहे, इंजेक्शन लागेल का?”

या प्रश्नावर “पिल्लू होतं ना, मग काही होत नाही” असे उत्तर हमखास येते. ते जीवघेणे ठरू शकते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते, लस मात्र वेळेवर घेतल्यास आजार टळतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना, तेल लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. रक्त आले असेल तर लशीसोबत जखमेत आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते.

४. “बीपीसाठी कमी सोडियमचं मीठ चांगलं का?”

अनेकांसाठी ते ठीक असते. पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. किडनीचा आजार असलेल्यांना, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या चालू असलेल्यांना रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. प्रश्न मिठाचा दिसतो, पण उत्तर तुमच्या गोळ्यांवर अवलंबून असते.

५. “बाळाला मध चाटवला तर चालेल ना?”

एक वर्षाच्या आत मध नको. मधातील जिवाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणी, बाळगुटी, ग्राइपवॉटर काहीच लागत नाही. बाळाच्या कानात किंवा नाकात तेलही घालू नये. “आम्ही सगळे त्यावरच वाढलो” हे प्रेमाने सांगितले जाते. त्या प्रेमाचा मान ठेवूनही नको म्हणता येते.

हे असेल तर प्रश्न लिहीत बसू नका

• छातीत दाब, जळजळ किंवा दुखणे, सोबत घाम, धाप, हात किंवा जबड्यात दुखणे. मधुमेही, स्त्रिया आणि वृद्धांत हार्ट अटॅक नुसत्या थकव्याने, मळमळीने किंवा ‘गॅस झालाय’ अशा भावनेनेही येऊ शकतो.
• तोंड एका बाजूला वाकडे होणे, हातापायातली ताकद जाणे, बोबडे बोलणे. अर्धांगवायूमध्ये गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा.
• श्वास घ्यायला त्रास, ओठ निळे पडणे, झटका, शुद्ध हरपणे.
• सापाचा दंश. जखम कापू नका, करकचून बांधू नका. थेट रुग्णालय गाठा.
• कीटकनाशक, रॉकेल किंवा कुणाच्यातरी गोळ्या पोटात जाणे. उलटी करवू नका, बाटली किंवा पाकीट सोबत न्या.
• तापात सतत उलट्या, पोटात जोरात दुखणे, रक्त येणे, सुस्ती, लघवी कमी होणे. डेंगीत धोका ताप उतरताना सुरू होऊ शकतो.
• गरोदरपणात रक्त जाणे, खूप डोके दुखणे, बाळाची हालचाल कमी वाटणे.

मग विचारायचे कुणाला?

रुग्णवाहिका: १०८. रात्री-अपरात्रीही.

आरोग्य सल्ला: महाराष्ट्रात १०४.

ई-संजीवनी: सरकारची मोफत दूरसल्ला सेवा. यात नोंदणीकृत डॉक्टर बोलतात.

मन अस्वस्थ असेल, झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर: टेली-मानस, १४४१६. मराठीतही बोलता येते.

औषधाचा त्रास झाल्यास नोंद करण्यासाठी: १८००-१८०-३०२४.

गावात आशाताई आणि परिचारिका असतात. गोळी जेवणाआधी की नंतर, सिरप फ्रिजमध्ये ठेवायचे का, हे औषधाच्या दुकानातील फार्मासिस्टला विचारता येते. ते त्यांचे कामच आहे.

फोनवर सल्ला देणारा खरोखर डॉक्टर आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या दूरवैद्यकीय सल्ल्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा सल्ला फक्त नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतात आणि प्रिस्क्रिप्शनवर त्यांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो.

प्रश्न कसा मांडावा?

डॉक्टरांना फोनवर विचारतानाही एवढी माहिती एका दमात द्या: वय आणि मुलाचे वजन, त्रास कधीपासून, आता तो वाढतोय की कमी होतोय, आधीचे आजार, चालू गोळ्या, ॲलर्जी, गरोदरपण किंवा स्तनपान. गोळीचे नाव आठवत नसेल तर पाकीट हातात घ्या.

छोटे प्रश्न सुचतील तसे वहीत लिहा आणि तपासणीला जाताना ती वही न्या. बाहेर पडताना तीन गोष्टी विचारूनच उठा: गोळी किती दिवस घ्यायची, एखादा डोस राहिला तर काय करायचे, आणि काय दिसले तर लगेच परत यायचे. रात्री अकराला पडणारे बरेच प्रश्न इथेच मिटतात.

खासगी माहिती सांभाळा

रिपोर्टवर नाव, वय, फोन क्रमांक आणि कधी पत्ताही असतो. एकदा पाठवलेला फोटो परत घेता येत नाही. बाळाच्या उघड्या अंगाचा फोटो अनोळखी लोकांत कधीच टाकू नका. प्रश्न विचारल्यावर कुणी खासगीत मेसेज करून “मधुमेह मुळापासून बरा करतो, पैसे पाठवा” म्हणत असेल तर उत्तर देऊ नका. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा आजारांवर औषधाने बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे.

उत्तर तुम्ही देत असाल तर

समोरचा घाबरलेला असतो आणि तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणार असतो. स्वतःचा अनुभव सांगा, पण औषधाचे नाव आणि डोस लिहू नका. धोक्याचे लक्षण दिसले तर इतर काही न लिहिता “आत्ता रुग्णालयात जा” एवढेच लिहा. एखाद्याने चुकीचा डोस लिहिलेला दिसला तर भिडेखातर गप्प राहू नका. नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थायरॉइडच्या गोळीनंतर चहा कधी?
गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्यासोबत घ्या आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये साधारण चार तासांचे अंतर ठेवा.

मागच्या वेळच्या अँटिबायोटिक गोळ्या उरल्या आहेत, घेऊ का?
नको. सर्दी आणि व्हायरल तापावर त्यांचा उपयोग नसतो. त्या दुसऱ्यालाही देऊ नका.

ओआरएस अर्ध्या पाकिटाचे केले तर?
तसे करू नका, मिठाचे प्रमाण बिघडते. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पाकीट टाका. काही पाकिटे एक लिटरची असतात, काही २०० मिलिलिटरची. तयार केलेले पाणी २४ तासांनी टाकून द्या.

बीपी नॉर्मल आले, गोळी बंद करू का?
ते गोळीमुळेच नॉर्मल आले असेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

डॉक्टरांना एवढ्याशा गोष्टीसाठी फोन केला तर रागावतील का?
एखादे वेळी घाईत असतील, नंतर करा म्हणतील. तरी विचारा. एक मिनिटाच्या फोनपेक्षा चुकलेला डोस निस्तरणे सगळ्यांनाच जड जाते.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार उपचार ठरवण्यासाठी प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे.)