जुन्या जोंगाचे ब्रेक : सुधारणा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मर्यादेत

रांझी (जबलपूर) : भारतीय लष्कराच्या सेवेत अनेक दशके राबलेले ‘जोंगा’ हे वाहन आता जुन्या वाहनांच्या संग्राहकांकडे आणि डोंगरवाटांवर भटकंती करणाऱ्यांकडे दिसते. बहुतेक मालकांचे लक्ष प्रथम इंजिन, टायर आणि रंगकामाकडे जाते. मात्र इंजिन बदलून वेग वाढवलेल्या आणि ब्रेक मात्र मूळचेच राहिलेल्या जोंगाला थांबण्यासाठी लागणारे अंतर धोकादायक ठरू शकते. ब्रेक सुधारणेत कोणता नवा भाग बसवला यापेक्षा काम कोणत्या क्रमाने झाले, याला अधिक महत्त्व आहे.

रांझीचे वाहन

जबलपूर शहराच्या पूर्वेकडील रांझी परिसरात ‘व्हेइकल फॅक्टरी जबलपूर’ हा संरक्षण उत्पादन कारखाना आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यापासून तो ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड’ या सरकारी कंपनीचा भाग आहे. जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पेट्रोल’ या ६० मालिकेतील वाहनाची परवान्याखाली बनवलेली भारतीय आवृत्ती म्हणजे जोंगा. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. ३,९५६ घन सेंटिमीटर क्षमतेचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन हे त्याचे वैशिष्ट्य होते. उत्पादन १९९९ मध्ये थांबले. लष्कराने निवृत्त केलेली अनेक वाहने लिलावातून नागरिकांकडे आली. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांनी २०१९ मध्ये रांचीत जोंगा आणल्यानंतर या वाहनाची पुन्हा चर्चा झाली.

वेग दुप्पट, ऊर्जा चौपट

जोंगाच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील दाब नळ्यांतून व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि ब्रेक शू आतून ड्रमवर दाबले जातात. ड्रमच्या फिरण्यानेच शू अधिक घट्ट ओढला जात असल्याने कमी जोर लावूनही पकड मिळते. लष्करी ताफ्याच्या मध्यम वेगासाठी ही रचना पुरेशी होती.

ब्रेकला शोषावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माणसे आणि सामानासह दोन टन भरणारे वाहन ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असल्यास सुमारे १२३ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाला हा आकडा सुमारे ४९४ किलोज्यूल होतो. सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग घटत असल्यास थांबण्याचे अंतर पहिल्या वेळी सुमारे १२ मीटर, तर दुसऱ्या वेळी सुमारे ४९ मीटर असते. चालकाच्या प्रतिसादास लागणारा एक सेकंद धरल्यास दुसऱ्या अंतरात आणखी २२ मीटरची भर पडते.

जबलपूरहून लखनादौन, सिवनीमार्गे नागपूरकडे येताना लागणारा कुरई घाट असो वा सह्याद्रीतील उतार, सतत ब्रेक दाबल्याने ड्रम तापून प्रसरण पावतो. तो शूपासून दूर सरकतो, पेडल खाली जाते आणि लायनरची पकड घटते. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी शिरले तरी ते वाळेपर्यंत हाच अनुभव येतो. डिस्क ब्रेक उघडे असल्याने लवकर थंड होतात आणि पाणीही चटकन झटकतात.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

डिस्क बसवण्यापूर्वी मूळ यंत्रणा पूर्णपणे दुरुस्त करणे ही पहिली पायरी आहे. गंजलेल्या धातूच्या नळ्या, तडे गेलेले रबरी होज, झिजलेले सिलिंडर आणि लंबगोल झालेले ड्रम बदलल्यावर अनेकदा जुने ब्रेकही समाधानकारक काम देतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसून बंद पिशवीत ठेवावी.

‘ब्रेक ऑइल’ या नावाने ओळखला जाणारा द्रव प्रत्यक्षात खनिज तेल नसतो. त्याऐवजी इंजिन ऑइल टाकल्यास रबरी सील फुगून ब्रेक निकामी होऊ शकतात. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ प्रकाराचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २०५ अंश, तर ओलावा शोषल्यावर १४० अंश सेल्सिअस असतो. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ आहेत. उकळलेल्या द्रवाची वाफ नळीत साठली की पेडल पोकळ लागते. सिलिकॉनवर आधारित डॉट ५ या दोन्हींत मिसळू नये.

दुसरी पायरी मास्टर सिलिंडरची. वाहनात एकच मंडल असल्यास एखादी नळी फुटताच चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी मंडलाच्या सिलिंडरमध्ये पुढची व मागची चाके स्वतंत्र असल्याने एका बाजूची गळती दुसरीला निष्प्रभ करत नाही. तुलनेने कमी खर्चात सुरक्षिततेत मोठी भर घालणारा हा बदल आहे.

डिस्क बसवताना

तिसऱ्या पायरीत सामान्यतः फक्त पुढच्या चाकांना डिस्क दिली जाते, कारण ब्रेक लावताच वजन पुढच्या चाकांवर सरकते. मात्र डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसल्याने अधिक दाब लागतो आणि बूस्टरची गरज भासते. बूस्टर इंजिनातील निर्वात दाबावर चालतो. पेट्रोल इंजिनात तो सहज मिळतो. डिझेल इंजिनात स्वतंत्र व्हॅक्यूम पंप आवश्यक असतो. डिझेल इंजिन बसवलेल्या जोंगात हा पंप नसेल, तर बूस्टरचा उपयोग होत नाही.

ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब कायम राखणारी झडप असते. ती डिस्कच्या मंडलात राहिल्यास पॅड सतत घासून तापतात. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, कॅलिपरच्या पातळीखाली असल्यास द्रव मागे उतरू नये म्हणून त्या मंडलात कमी दाबाची वेगळी झडप लागते. मागच्या चाकांचा दाब मर्यादित करणारी झडपही समायोजित करावी लागते. मागची चाके आधी अडकली तर वाहन फिरण्याचा धोका असतो. कॅलिपरसाठी मूळ धुरीवर केलेले निकृष्ट वेल्डिंग हा आणखी एक धोका ठरतो.

काम संपल्यावर नळ्यांतील हवा पूर्ण काढून, मोकळ्या सपाट जागेत आधी ताशी २० किलोमीटर वेगाने चाचणी घ्यावी. पेडल मऊ लागणे, वाहन एका बाजूला ओढले जाणे किंवा एखादे चाक तापणे ही वाहन रस्त्यावर न नेण्याची लक्षणे आहेत.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका अधोरेखित केली. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न झालेली वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून मुदत १० वर्षांची आहे. अशी वाहने रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाहीत.

सुरुवातीच्या काळातील जोंगांनी ५० वर्षांचा टप्पा ओलांडला आहे. त्यामुळे डिस्कसाठी धुरीत बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घेणे मालकाच्या हिताचे आहे. काढलेले मूळ ड्रम, शू आणि सिलिंडर जपून ठेवल्यास वाहन पुन्हा पहिल्या स्वरूपात आणण्याचा मार्गही मोकळा राहतो.