काजू लागवड, महाराष्ट्रातील

आम्र कुलातील हा सदापर्णी वृक्ष मूळचा ईशान्य ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. ‘काजू’ हे नावही तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्फत आले. गोव्यालगतच्या कोकणात तो वरकस जमिनींवर पसरला. डोंगरउतारावरील मातीची धूप थांबविणारे झाड एवढीच त्याची प्रथम प्रतिष्ठा होती. त्यास खतपाणी देण्याचा विचार सहसा कोणी करीत नसे.

परपरागणामुळे बियांपासूनची झाडे मातृवृक्षासारखी निपजत नाहीत, हा लागवडीतील मुख्य अडसर होय. वेंगुर्ले येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या फळ संशोधन केंद्राने तो दूर केला. तेथून वेंगुर्ला-१ (१९७४), वेंगुर्ला-४ (१९८१) व सुमारे १० ग्रॅ. वजनाच्या टपोऱ्या बीची वेंगुर्ला-७ (१९९७) या जाती प्रसारित झाल्या. मृदुकाष्ठ कलमाने त्यांचे गुण कायम राखता आले आणि १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेल्यावर कलमांच्या बागा झपाट्याने वाढल्या.

एकसारख्या झाडांची दाट बाग किडींनाही सोयीची ठरते. ढेकण्या (टी मॉस्किटो) कोवळी पालवी व मोहोर यांतील रस शोषतो; मोहोर करपून जातो. पालवी, मोहोर व फळधारणा या तीन अवस्थांत फवारणीची शिफारस केली जाते. औषधाच्या मात्रेइतकीच तिची वेळ महत्त्वाची आहे. याचा विसर पडल्यास काय होते, हे केरळातील कासरगोड जिल्ह्यात दिसले. तेथील काजूबागांवर २००० पर्यंत सुमारे दोन दशके आकाशातून एंडोसल्फान फवारले गेले. रहिवाशांतील गंभीर विकारांच्या तक्रारींनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. खोडकिड्यावर मात्र फवारणी फारशी उपयोगी नाही. बुंध्यावरील डिंकमिश्रित भुसा पाहून साल काढून अळ्या वेचाव्या लागतात. पूर्ण वाळलेले झाड मुळासकट काढून नष्ट करणे इष्ट.

कोकणात पाऊस विपुल, पण जांभ्या जमिनीत ओलावा टिकत नाही आणि मोहोर तर पावसानंतर येतो. नव्या कलमांना पहिली काही वर्षे उन्हाळी पाणी द्यावे लागते. मोठ्या झाडास मोहोरापासून फळे पोसेपर्यंत पंधरवड्याने सुमारे २०० लि. पाणी दिल्यास उत्पन्न वाढते. तथापि बहुतेक बागा अजून कोरडवाहूच आहेत.

वर्धा जिल्ह्यातील खोल, पाणी धरणारी काळी जमीन काजूस मानवत नाही. तेथे याच कुलातील बिबा व चार हे वृक्ष वनांतच राहिले. त्यांची गोडंबी व चारोळी आजही प्रामुख्याने रानातून गोळा केली जाते.