रॉकेल गेलं कुठे? दक्षिण ध्रुवावरचा एक वायसर आणि तुमची डफल बॅग

कानात इअरफोन असतील, नाहीतर लोकलच्या गर्दीत हे वाचत असाल, कसंही चालेल. आजचा विषय बॅगेचा आहे. ट्रेकला जायचं ठरलं की आपण डफल बॅग घेतो, आणि मग मोबाईलवर तासन्‌तास तिच्यात टाकायच्या वस्तू बघत बसतो. पाऊच, हुक, कुलूप, टॉर्च, बाटली. यातलं खरंच काय लागतं? याचं उत्तर शोधायला आज आपण ११० वर्षांपेक्षा जास्त मागे जाणार आहोत, थेट अंटार्क्टिकावर.

आधी नावाची गंमत. डफल हे बेल्जियममधल्या अँटवर्पजवळच्या एका गावाचं नाव. तिथलं जाड लोकरी कापड प्रसिद्ध होतं. त्या कापडावरून हे नाव आलं आणि पुढे बॅगेलाच चिकटलं. कापड बदललं, नाव राहिलं. बॅगेचा मूळ स्वभावही राहिला, म्हणजे एक मोठं पोतं आणि त्यात सगळं कोंबलेलं.

आता १९११ साल. दोन तुकड्या दक्षिण ध्रुवाकडे निघाल्यात. एक नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनची, दुसरी ब्रिटनच्या रॉबर्ट स्कॉटची. दोघांच्याही सामानात एक वस्तू सारखी होती, प्रायमस स्टो. हो, तोच! फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश माणसाने १८९२ मध्ये बनवलेला, हवा भरून पेटवायचा पितळी स्टो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत गॅस येईपर्यंत हाच फरफरत होता. घरी आजीला विचारा, स्टोची पिन आणि पंपाचा चामडी वायसर म्हणजे काय ते ती लगेच सांगेल. वायसर सुकला की पंप कितीही मारा, हवा भरतच नाही. काही पैशांची वस्तू, पण तिच्यावाचून चहा अडायचा.

ध्रुवावर चहाच नाही, सगळंच अडतं. तिथे चहूकडे बर्फ आहे, पण प्यायला पाणी नाही. बर्फ वितळवायला रॉकेल लागतं. रॉकेल संपलं की गरम जेवण संपलं, आणि पाणीही संपलं. म्हणून दोन्ही तुकड्यांनी वाटेवर आधीच अन्नाचे आणि रॉकेलचे साठे करून ठेवले होते. त्यांना डेपो म्हणायचे. जाताना थोडं घ्यायचं, येताना उरलेलं घ्यायचं, असा हिशोब.

अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोहोचला. स्कॉट आणि त्याचे चार साथीदार पोहोचले १७ जानेवारी १९१२ ला. तिथे नॉर्वेचा झेंडा आधीच फडकत होता. परतीच्या वाटेवर एडगर इव्हान्स गेला. उरलेले चौघे मार्चच्या सुरुवातीला एका डेपोपाशी पोहोचले, डबे उघडले, आणि रॉकेल हिशोबापेक्षा खूपच कमी निघालं. पुढच्या डेपोतही तीच गत.

कुणी चोरलं? तिथे चोरायला होतं कोण! डब्यांच्या झाकणाला चामडी वायसर होते. कडाक्याच्या थंडीत ते खराब झाले. वर हे डबे पटकन हाताला लागावेत म्हणून बर्फाच्या ढिगावर, उघड्यावर ठेवलेले होते. उन्हात रॉकेलची वाफ व्हायची आणि त्या सैल झाकणातून निघून जायची.

यात चटका लावणारी गोष्ट अशी, की हा त्रास स्कॉटला नवा नव्हता. १९०१ ते १९०४ च्या त्याच्या आधीच्या मोहिमेत डब्यांना बुचं होती आणि त्यातूनही रॉकेल झिरपायचं. या वेळी झाकण बदललं, पण गळती काही थांबली नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, एका वायसरने पाच माणसं मारली असं म्हणणं बरोबर नाही. त्या मार्चमध्ये थंडी नेहमीपेक्षा फार कडक होती. सुझन सोलोमन या शास्त्रज्ञ बाईंनी हवामानाच्या नोंदी तपासून २००१ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. खाणं कमी पडलं, पाय हिमदंशाने गेले, शरीरं थकली. ओट्स तंबूतून बाहेर गेला तो परतलाच नाही. शेवटचे तिघे पुढच्या मोठ्या डेपोपासून साधारण २० किलोमीटरवर तंबूत अडकले आणि तिथेच संपले. पण एवढ्या सगळ्या अडचणींत हातात असायला हवं होतं ते इंधनही नव्हतं, हे खरंच.

मग अमुंडसेनचे डबे भारी होते का? नाही! इथेच खरी मजा आहे. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की त्यांचेही डबे कमकुवत होते. पण त्याच्या तुकडीतला ओलाव्ह ब्यालान ते सारखे झाळून, म्हणजे सोल्डर करून, घट्ट ठेवत होता. त्यामुळे रॉकेल वाया गेलं नाही. म्हणजे वस्तू त्यांचीही साधीच होती, फरक पडला तो तिला तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या साधनाने.

अमुंडसेनच्या आणखी दोन युक्त्या ऐका. पहिली खुणांची. धुक्यात आणि हिमवादळात डेपो सापडणार कसा? त्याने डेपोच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडव्या, कित्येक किलोमीटर खुणा रोवल्या आणि त्यांवर आकडे टाकले. चुकून बाजूने गेलात तरी एखादी खूण लागणार, आणि डेपो कुठल्या अंगाला, किती लांब हे तीच सांगणार. डेपो लावण्याच्या एका फेरीत झेंडे संपले, तेव्हा पठ्ठ्यांनी चक्क सुके मासे बर्फात उभे केले!

दुसरी युक्ती पेट्यांची. त्यांच्या स्लेजवरच्या पेट्यांना वरून गोल झाकण होतं, दुधाच्या कॅनला असतं तसं. रोज संध्याकाळी पेटीच्या दोऱ्या सोडायची गरजच नाही. झाकण काढा, जेवणाचं घ्या, बंद करा. गारठलेल्या बोटांनी रोज गाठी सोडणं आणि बांधणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

आता या तुमच्या बॅगेकडे. सह्याद्रीत उणे चाळीस नाही, पण जुलैतला पाऊस आहे, धुकं आहे आणि किर्र अंधार आहे. डफलचे दोष त्याच जातीचे आहेत. चेनमधून पाणी शिरतं, आत कप्पे नसतात, हवी ती वस्तू कायम तळाशी असते. म्हणून कुठलीही ॲक्सेसरी घेताना तिला चार प्रश्न विचारा.

एक, ही माझी मोठी वस्तू टिकवते का? कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग आणि पॉवर बँक यांच्यासाठी तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग घ्या, नाहीतर जाड प्लास्टिकची मोठी पिशवी. बाटलीच्या झाकणातली रबरी रिंग घरीच तपासा. बाटली भरून रात्रभर उलटी ठेवा, सकाळी कळेल.

दोन, हिच्यामुळे वस्तू सापडते का? औषधांचा पाऊच लाल, खाण्याचा पिवळा, असं ठरवून टाका. तंबूतल्या सगळ्यांना ते माहीत असू द्या. हेडटॉर्च मात्र बॅगेत खोल नको, ती बाहेरच्या कप्प्यात. आणि बॅगेत आपोआप चालू होऊ नये म्हणून बटण लॉक करा.

तीन, सगळं न उपसता हाताला लागते का? रेनकोट, पाणी, शिट्टी आणि प्रथमोपचार सगळ्यात वर. पण आठवतंय ना, स्कॉटचे डबेही पटकन मिळावेत म्हणूनच वर ठेवले होते. वर ठेवाल ते आधी नीट बंद करा.

चार, मोडलं तर जागेवर दुरुस्त होतं का? दाभण, जाड दोरा, चिकटपट्टी, नायलॉनची दोरी, दोन-चार सेफ्टी पिना. हा तुमचा ब्यालान. मुठीएवढ्या डबीत मावतो.

चारही प्रश्नांना नाही असं उत्तर आलं, तर ती वस्तू कितीही झकास दिसो, दुकानातच राहू द्या. चढ चढताना तिचं वजन तुम्हालाच वाहायचंय.

अमुंडसेनची पाच जणांची तुकडी ९९ दिवसांनी, २५ जानेवारी १९१२ ला तळावर परतली, पाचही जण सुखरूप. तेव्हा शनिवारी रात्री बॅग भरताना प्रत्येक झाकण एकदा हाताने पिळून बघा. पुढच्या भागात भेटूच. तोवर सांभाळून चढा, आणि त्याहून सांभाळून उतरा!