आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ आणि स्थानिक पत्रकारितेचे मोल

प्रस्तावना :
इ.स. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केल्यानंतर मराठी वृत्तपत्रसृष्टी विस्तारत गेली. परंतु बीड, औरंगाबाद, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे निजामी राजवटीतील पाच मराठी जिल्हे दीर्घकाळ तिच्या कडेलाच राहिले. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. सभांवर ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाचे निर्बंध होते. अशा प्रदेशात वृत्तपत्र चालविणे ही राजकीय कृतीच ठरत असे. प्रस्तुत लेखात आनंद कृष्ण वाघमारे यांच्या कार्याच्या आधारे स्थानिक पत्रकारितेचे मूल्यमापन केले आहे.

सीमेपलीकडील प्रकाशन :
१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली. त्याच वर्षी वाघमारे यांनी पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले. पुणे ब्रिटिश मुलखात असल्याने तेथील छापखान्यावर निजामाचा हुकूम चालत नव्हता. साहजिकच निजाम सरकारने अंकाच्या प्रवेशावर बंदी घातली. तेव्हा वाघमाऱ्यांनी नावे बदलून अंक काढले. बंदी नावावर घालता येते, वाचकाच्या गरजेवर नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

हा वाचक शाळांनी घडविला होता. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई (तत्कालीन मोमिनाबाद) येथील योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी १९३५ पासून अध्यापन केले. राष्ट्रीय शाळा आणि मराठी वृत्तपत्र ही एकाच जागृतीची दोन अंगे होती.

स्वातंत्र्योत्तर भूमिका :
१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि वृत्तपत्राचा प्रतिपक्ष बदलला. अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली, औरंगाबादेतून निघणाऱ्या ‘मराठवाडा’ने सिंचन, रेल्वे, शिक्षण व प्रादेशिक अनुशेष हे प्रश्न लावून धरले. आणीबाणीत भालेरावांना कारावास भोगावा लागला. मात्र मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरास या पत्राने विरोध केला आणि दलित वाचकवर्ग दुखावला गेला. प्रदेशाचा आवाज म्हणविणारे पत्र प्रदेशातील सर्वांचा आवाज असतेच असे नाही, ही मर्यादा नोंदविल्याशिवाय मूल्यमापन पूर्ण होत नाही.

निष्कर्ष :
‘मराठवाडा’ आज प्रसिद्ध होत नाही. तथापि पाणीटंचाई, ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, ग्रामपंचायतींचा कारभार असे बीडचे प्रश्न मोठ्या शहरांच्या पत्रांत प्रसंगोपात येतात. त्यांचा पाठपुरावा स्थानिक पत्रेच करू शकतात. शिवाय शासकीय दफ्तरात न उतरणारा लोकव्यवहार त्यांच्याच जुन्या अंकांत सापडतो. जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांनी हे अंक जतन करणे म्हणूनच अगत्याचे आहे. ते नष्ट झाल्यास प्रदेशाचा इतिहास केवळ राज्यकर्त्यांच्या कागदांवरून लिहावा लागेल.